चाळणी कोणाच्या हातात? पद्धतशीर आढाव्यातल्या एका दुर्लक्षित पायरीची चिकित्सा



मागच्या व्याख्यानात आपण संशोधनाचा प्रश्न नेमका कसा मांडायचा आणि डेटाबेसमध्ये शोध कसा घ्यायचा, इथपर्यंत आलो होतो. त्यानंतर तुमच्याकडून जे प्रश्न आले, त्यातल्या बऱ्याच प्रश्नांचा सूर एकच होता. शोध झाला, तीन-चार हजार नोंदी हातात आल्या, आता पुढचं काम कारकुनीच आहे ना? मग त्यावर वेगळं व्याख्यान कशाला?

आजचं व्याख्यान या 'कारकुनी' शब्दाच्या विरोधात आहे, असं आधीच सांगून टाकतो. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे पद्धतशीर आढावा, यात निष्कर्ष आकडेमोडीच्या वेळी ठरतो अशी आपली समजूत असते. आमचं म्हणणं असं की तो पुष्कळदा त्याच्या आधीच ठरलेला असतो. कुठली नोंद ठेवायची, कुठली वगळायची, कुठल्या दोन नोंदी एकच मानायच्या, हे ठरवताना तो ठरतो. आणि नेमकी हीच पायरी आपले आढावे दोन वाक्यांत आणि एका आकृतीत उरकून टाकतात. आज आपण ती दोन वाक्यं आणि ती आकृती जरा बारकाईने वाचणार आहोत.

आधी काम काय असतं ते थोडक्यात बघू. नव्याने आलेल्यांसाठी. पबमेड, एम्बेस, स्कोपस अशा दोन-तीन ठिकाणी शोध घेतला की प्रत्येक ठिकाणाहून नोंदींची एक फाइल मिळते. नोंद म्हणजे लेखाचं शीर्षक, लेखकांची नावं, नियतकालिक, वर्ष आणि बहुतेक वेळा सारांश. या सगळ्या फाइली झोटेरो, मेंडेली, एंडनोट अशा एखाद्या सायटेशन मॅनेजरमध्ये एकत्र करायच्या. एकच लेख तीन ठिकाणांहून आलेला असतो, तेव्हा दुबार नोंदी काढायच्या. मग उरलेल्या नोंदींची शीर्षकं आणि सारांश वाचून पहिली चाळणी लावायची. त्यातून उरलेल्यांचे पूर्ण लेख मिळवायचे, ते वाचून दुसरी चाळणी लावायची. शेवटी हजारोंतून दहा, पंधरा, वीस अभ्यास उरतात. या चाळणीसाठी रय्यान, कोव्हिडन्स अशी वेगळी सॉफ्टवेअर्सही आहेत.

छापील लेखात हे सगळं कसं येतं? "दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे नोंदींची छाननी केली. मतभेद चर्चेने सोडवण्यात आले." झालं. शेजारी चौकटी आणि बाणांची आकृती, जिला प्रिझ्मा फ्लो डायग्राम म्हणतात. वरच्या चौकटीत मोठा आकडा, खालच्या चौकटीत छोटा आकडा. वाचणाऱ्याला वाटतं, चोख काम आहे. आम्हालाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

दुबार म्हणजे नेमकं काय?

पहिली चौकट दुबार नोंदींची. मतदार यादीत दुबार नावं असली की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. तिथे एक माणूस दोनदा मोजला जातो. आढाव्यात एक अभ्यास दोनदा मोजला जाऊ शकतो. आपण म्हणतो, सॉफ्टवेअर आहे ना, बटण दाबलं की काम झालं. पण सॉफ्टवेअर काय ताडून बघतं? शीर्षक, लेखक, वर्ष, डीओआय क्रमांक. म्हणजे ते कागद ताडून बघतं. माणसं ताडून बघणं त्याचं काम नाही.

ओंडान्सेट्रॉन हे औषध तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. उलटी थांबवायला आपल्याकडे कुठल्याही केमिस्टकडे मिळतं. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या ते किती रोखतं, यावर नव्वदच्या दशकात भराभर चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ऑक्सफर्डच्या एका गटाने त्या सगळ्या जमवल्या आणि १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला. त्यांना दिसलं ते असं : प्रसिद्ध झालेल्या अहवालांपैकी १७ टक्के आणि रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के भाग दुबार होता. तेच रुग्ण, वेगळा लेख, वेगळी मांडणी, आणि हे आधी छापून आलंय असा स्पष्ट उल्लेख नाही. ही दुबार माहिती तशीच हिशेबात धरली, तर औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगलेला दिसत होता.

आता यातली खरी मेख बघा. ज्या चाचण्यांमध्ये औषधाचा गुण जास्त दिसला होता, त्याच पुन्हा छापल्या जाण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे दुबारपणा सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. तो एकाच बाजूला झुकलेला होता. म्हणून 'दुबार नोंदी काढल्या : इतक्या' ही चौकट वाचताना आपण विचारायला हवं की काय काढलं? दुबार कागद काढले, की दुबार रुग्ण? पहिलं काम यंत्र करतं. दुसऱ्यासाठी कोणीतरी बसून रुग्णालय, कालावधी, रुग्णसंख्या, वयाची सरासरी हे शेजारीशेजारी ठेवून बघावं लागतं.

आपल्याकडच्या नावांनी यात आणखी एक गुंता होतो. एकच बाई एका नोंदीत 'पाटील एस.' असते, दुसरीत 'पाटील एस. आर.', लग्नानंतरच्या लेखात आडनावच वेगळं. उलट बाजूने, एका वर्षी एकाच विषयावर लिहिणारे दोन वेगळे 'पाटील एस.' सहज सापडतात. सॉफ्टवेअर पहिल्या बाईला दोन माणसं समजू शकतं आणि नंतरच्या दोघांना एक. म्हणून आमचा एक साधा नियम आहे. दुबार म्हणून जुळवलेल्या नोंदी कायमच्या पुसायच्या नाहीत. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायच्या. आणि सगळं सुरू करायच्या आधी मूळ फाइली जशा आल्या तशा, तारीख घालून, जपून ठेवायच्या. नंतर कोणी विचारलं तर मागे जाता आलं पाहिजे.

'दोघांनी स्वतंत्रपणे'

आता ते सुप्रसिद्ध वाक्य. दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे छाननी केली. दोघं कशाला? कारण एकट्याच्या नजरेतून निसटतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे मोजून बघितलं गेलं. सारांश एकट्याने चाळले तेव्हा उपयोगाच्या अभ्यासांपैकी सुमारे १३ टक्के निसटले. दोघांनी चाळले तेव्हा सुमारे ३ टक्के. तेव्हा दोघं हवेत, यात वाद नाही. आमचा प्रश्न 'स्वतंत्रपणे' या शब्दाबद्दल आहे.

आपल्याकडे हे दोघं म्हणजे कोण असतात? एक गाइड आणि एक विद्यार्थी. बरेचदा चाळणीचं सगळं काम विद्यार्थी करतो आणि सर किंवा मॅडम शेवटी नजर टाकतात. मतभेद झालाच तर 'चर्चा' होते. ही चर्चा कशी होते, हे तुम्हाला माहीत आहे आणि आम्हालाही. सर म्हणाले, "हा कशाला घेतलास?" विद्यार्थी म्हणतो, "काढतो सर." मतभेद चर्चेने सोडवण्यात आले. यात सरांचा दोष काढायचा नाहीये. आमच्यातलेही काही जण आज त्या खुर्चीत आहेत आणि आमच्या समोरही 'काढतो सर' असंच ऐकू येतं. पण मग त्या वाक्यातली दोन माणसं खरं म्हणजे दीडच उरतात, आणि छापताना आपण दोन लिहितो.

यावर कोणी म्हणेल, आम्ही एकमताचा आकडा देतो की. ९७ टक्के एकमत! हा आकडा कसा फसवतो ते उदाहरणाने बघू. कागद घ्या हवं तर. समजा २,००० नोंदी आहेत. त्यातल्या १,९२० दोघांनीही 'नको' म्हटल्या. २० दोघांनीही 'हव्या' म्हटल्या. उरल्या ६०. त्यातल्या ३० फक्त पहिल्याला हव्या आहेत आणि ३० फक्त दुसऱ्याला. एकमत किती झालं? २,००० पैकी १,९४०, म्हणजे ९७ टक्के. छान. पण निदान एकाला तरी हव्या वाटलेल्या नोंदी किती? ८०. त्यात एकमत फक्त २० वर. चारांत एक! योगायोगाने होणारं एकमत वजा करून जो आकडा काढतात, कोहेनचा कॅपा, तो इथे ०.३८ च्या आसपास येतो. एक म्हणजे पूर्ण एकमत आणि शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, असं धरलं तर हे काही चांगलं लक्षण नाही. म्हणजे ९७ टक्के एकमत बहुतेक उघड निरुपयोगी नोंदींवर झालं. जिथे खरा निर्णय घ्यायचा होता, तिथे दोघांचे निकषच वेगळे होते.

अशा वेळी मतभेद 'सोडवणं' एवढंच पुरेसं नाही. मतभेद आपल्याला काहीतरी सांगत असतो. निकष नीट लिहिलेले नाहीत, हे तो सांगत असतो. म्हणून आधी ५०-१०० नोंदी दोघांनी स्वतंत्र चाळायच्या, मग समोरासमोर बसून निकषांची भाषा दुरुस्त करायची आणि त्यानंतरच पुढे जायचं. रय्यानसारख्या साधनात एकमेकांचे निर्णय झाकून ठेवण्याची सोय आहे. ती चालू ठेवा. विद्यार्थ्याला 'नाही सर, हा ठेवायला हवा' म्हणायचं धैर्य सॉफ्टवेअर देत नाही. पण सरांचं मत आधी कळलं नाही, तर निदान त्याचं स्वतःचं मत नोंदलं तरी जातं.

खडा कोणता, हे कोण ठरवतं?

निकषांची गोष्ट निघालीच आहे, तर घरचं उदाहरण घेऊ. तांदूळ निवडताना खडा कोणता आणि दाणा कोणता, याबद्दल वाद नसतो. अभ्यासांचं तसं नाही. इथे खडा कोणता हे आपण आधी ठरवतो आणि मग खडे सापडतात.

गडचिरोलीतला नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास घ्या. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि 'सर्च'मधल्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. ४७ गावं तुलनेसाठी होती. आधीच्या काळात दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू अनुक्रमे ६२ आणि ५८ होते. तिसऱ्या वर्षी हस्तक्षेपाच्या गावांत ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ५९.६ राहिले. पुढे आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींच्या देशव्यापी कार्यक्रमामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

आता आढावा करणाऱ्याने निकषात लिहिलं की 'फक्त रँडमाइज्ड चाचण्या', तर काय होईल? या गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. तेव्हा हा अभ्यास पूर्ण लेखाच्या पायरीवर बाहेर. 'तुलना-गट असलेले सर्व अभ्यास' असं लिहिलं, तर आत. दोन्ही निकषांच्या बाजूने बोलता येतं. रँडमायझेशनशिवाय तुलनेत पक्षपात शिरू शकतो, हे खरंच आहे. दुसरीकडे, खेड्यापाड्यांत झालेलं बरंचसं काम चिठ्ठ्या टाकून झालेलं नसतं, हेही खरं आहे. आमचा आग्रह कुठल्या एका बाजूचा नाही. एका शब्दाने काय बाहेर जातं याची जाणीव असावी आणि तो शब्द शोध घेण्याआधी लिहिलेला असावा, एवढाच आमचा आग्रह आहे. यासाठीच २०११ पासून प्रॉस्पेरो ही नोंदवही आहे. आढाव्याचा आराखडा तिथे आधीच नोंदवता येतो. निकाल बघून निकष बदलणाऱ्याला मग बदल का केला हे सांगावं लागतं.

वगळलेल्यांची यादी

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही किशोरवयीन मुलींमधल्या रक्तक्षयावर एक आढावा करत होतो. पूर्ण लेखांच्या पायरीवर वगळलेल्या अभ्यासांपुढे कारण लिहायचं असतं. आमच्या तक्त्यात बऱ्याच ठिकाणी एकच शब्द होता : 'असंबद्ध'. लेख परीक्षणाला गेला. परीक्षकाने एका विशिष्ट अभ्यासाचं नाव घेऊन विचारलं, हा का नाही? आम्हाला उत्तर देता येईना. सगळ्या 'असंबद्ध' नोंदी पुन्हा उघडल्या. तेव्हा लक्षात आलं की त्यातले काही लेख आम्ही वाचलेच नव्हते. आम्हाला ते मिळाले नव्हते. छोट्या, देशी नियतकालिकांमधले लेख, वेबसाइट बंद, ग्रंथालयात अंक नाही. ज्याने तक्ता भरला त्याने थकून तिथेही तोच शब्द टाकला होता.

'असंबद्ध' आणि 'मिळाला नाही' यात किती अंतर आहे, ते बघा. पहिल्यात आपण अभ्यासाबद्दल काहीतरी सांगतो. दुसऱ्यात आपल्या मर्यादेबद्दल. आणि न मिळणारे लेख कुठले असतात? बहुधा गरीब देशांतले, छोट्या संस्थांमधले, इंग्रजीशिवाय इतर भाषांमधले. तेव्हा ही निव्वळ टापटिपीची गोष्ट राहत नाही. आपल्याच गावचे पुरावे आपण आपल्याच हाताने गायब करत होतो, आणि वर त्यांना असंबद्ध म्हणत होतो.

प्रिझ्माच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत याची दखल आहे. मागवलेले पण न मिळालेले अहवाल यांच्यासाठी आकृतीत वेगळी चौकट आहे. शिवाय, निकषात बसतील असे वाटणारे पण वगळलेले अभ्यास नावानिशी, कारणासह द्यावेत, असंही त्यात म्हटलं आहे. नुसता आकडा पुरेसा नाही. आता तुम्ही अलीकडे वाचलेले पाच आढावे काढा आणि वगळलेल्यांची नावानिशी यादी किती ठिकाणी आहे ते बघा. 'प्रिझ्मानुसार केलं' हे वाक्य मात्र बहुतेक ठिकाणी सापडेल.

संदर्भसंग्रह म्हणजे कुलूपबंद कपाट नव्हे

आता शेवटचा टप्पा. अभ्यास निवडले, काम संपलं, असं वाटतं. पण निवडलेला लेख उद्या मागे घेतला गेला तर?

हायड्रॉक्सिएथिल स्टार्च नावाचं एक द्रावण अतिदक्षता विभागात शिरेतून दिलं जायचं, रक्तदाब सावरण्यासाठी. त्याच्या सुरक्षिततेबद्दल चांगले निष्कर्ष देणाऱ्या संशोधकांपैकी एक मोठं नाव होतं जर्मनीतल्या योआखिम बोल्ट यांचं. पुढे त्यांच्या संशोधनातला गैरप्रकार बाहेर आला आणि २०११ मध्ये अनेक नियतकालिकांच्या संपादकांनी मिळून त्यांचे ऐंशीहून अधिक लेख मागे घेत असल्याचं जाहीर केलं. २०१३ मध्ये जामा या नियतकालिकात या द्रावणावरचा एक आढावा आला. मृत्यूची माहिती असलेले १०,८८० रुग्ण. सगळे अभ्यास धरले तर स्टार्च दिलेल्यांमध्ये मृत्यूचा सापेक्ष धोका १.०७, आणि त्याची खालची मर्यादा बरोबर १.०० वर. म्हणजे धोका आहे असं ठामपणे म्हणता येईना. मग लेखकांनी बोल्ट यांच्या सात चाचण्या बाजूला काढल्या. त्यात रुग्ण होते फक्त ५९०. उरलेल्या १०,२९० रुग्णांमध्ये धोका १.०९, मर्यादा १.०२ ते १.१७. आता चित्र स्पष्ट झालं : या द्रावणाचा संबंध वाढलेल्या मृत्यूंशी आहे. मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाणही जास्त दिसलं.

साडेपाच टक्क्यांहून कमी रुग्ण. तेवढे ठेवले की संशय राहतो, काढले की इशारा मिळतो. याला कारकुनी काम म्हणायचं?

झोटेरोमध्ये २०१९ पासून एक चांगली सोय आहे. मागे घेतलेल्या लेखांची जी नोंद रिट्रॅक्शन वॉच ठेवतं, तिच्याशी तुमचा संग्रह ताडून बघितला जातो आणि असा लेख असेल तर इशारा दिसतो. जरूर वापरा. पण त्यावर विसंबू नका. कारण जामामधल्या त्या सात चाचण्यांचं वैशिष्ट्य असं की मागे घेतलं गेलं होतं ते त्याच संशोधकाचं नंतरचं काम. हे सात लेख छापील जगात जसेच्या तसे उभे होते. त्यांच्यावर इशारा उमटला नसता. तिथे लेखकांना स्वतः विचार करावा लागला. आणि त्यांनी ते सात गुपचूप गाळले नाहीत, हे फार महत्त्वाचं आहे. धरून काय येतं आणि काढून काय येतं, दोन्ही आकडे वाचकासमोर ठेवले. आमच्या मते चांगली चाळणी ती हीच.

याच्या उलट उदाहरण कोविडच्या काळातलं, आणि ते आपल्या दारापर्यंत आलेलं. आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या गोळीने कोविडचे मृत्यू घटतात, असं सांगणारा इजिप्तमधला एक अभ्यास नोव्हेंबर २०२० मध्ये प्रीप्रिंट म्हणून आला. तपासणीआधीच तो अनेक आढाव्यांत घेतला गेला. निकषांत तो बसतच होता : रँडमाइज्ड आहे, औषध तेच, आजार तोच. मृत्यू ५६ टक्क्यांनी घटतात असं सांगणारा एक गाजलेला आढावा त्याच्यासह प्रसिद्ध झाला. लंडनमधल्या जॅक लॉरेन्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने मूळ माहिती उघडून बघितली, तेव्हा उचललेला मजकूर आणि पुन्हापुन्हा आलेल्या रुग्णांच्या ओळी सापडल्या. जुलै २०२१ मध्ये प्रीप्रिंट काढून घेतला गेला. त्या आढाव्याच्या लेखकांनीही तो मागे घेऊन हिशेब पुन्हा केला, आणि संशयास्पद व सदोष चाचण्या बाजूला ठेवल्यावर मृत्यू घटल्याचा दावा टिकला नाही.

दरम्यान आपल्याकडे काय चाललं होतं? मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील सगळ्यांना ही गोळी देण्याचं जाहीर केलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच आठवण करून दिली, की चाचण्यांबाहेर ही गोळी कोविडसाठी वापरू नये अशी संघटनेची शिफारस आहे. तो निर्णय अमुक एका आढाव्यामुळे झाला, असं आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवसांत घराघरांत, व्हॉट्सॲपवर 'अभ्यासांनी सिद्ध झालंय' हे वाक्य फिरत होतं आणि त्या वाक्याला वजन येत होतं ते असल्या आढाव्यांचं. आपल्या माणसाला ऑक्सिजन बेड मिळत नसताना लोक त्या वाक्याला धरून होते. चाळणी करणाऱ्याच्या टेबलावरून सुटलेली एक नोंद कुठपर्यंत पोचते, हे यावरून कळतं.

लॉरेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर नेचर मेडिसिनमध्ये लिहिलं, की नुसत्या सारांश-आकड्यांवर आढावे करू नयेत, रुग्णनिहाय माहिती मागावी. हे सगळ्यांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, जमेलच असं नाही. पण मागितली होती का आणि मिळाली का, हे लिहायला काय हरकत आहे?

मग वाचताना काय विचारायचं?

तुमच्यापैकी बरेच जण आढावे करणारे नाहीत, वाचणारे आहेत. डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, पत्रकार आहेत. तर पुढचा आढावा हातात आला की एवढं विचारा. निकष शोधाच्या आधी कुठे नोंदवले होते का? दुबार रुग्ण तपासले का, की फक्त दुबार कागद? दोघांनी चाळलं म्हणजे कोणी, आणि मतभेद कशावर झाले? वगळलेल्यांची यादी नावानिशी आहे का? आणि निवडलेल्यांपैकी कुठला लेख मागे घेतला गेलाय का, हे शेवटचं कधी तपासलं? पाच प्रश्न. यांची उत्तरं नसतील तर आढावा खोटा ठरतो असं नाही. पण त्याच्या शेवटच्या ओळीवर किती भार टाकायचा, ते आपल्याला कळतं.

आणि जे करणारे आहेत त्यांना विनंती एवढीच की चाळणी करणाऱ्याचं नाव आणि त्याचे निर्णय जपा. ती फाइल लेखासोबत प्रसिद्ध करा. ज्या विद्यार्थ्याने चार हजार सारांश वाचले, त्याच्या निर्णयांवर तुमचा निष्कर्ष उभा आहे. आभारात त्याचं नाव शेवटून दुसरं टाकून भागत नाही.

एक प्रश्न मघाशी चॅटमध्ये आला होता, तो घेऊन थांबू. "हे काम आता एआय करेल, मग या चर्चेचा उपयोग काय?" चांगला प्रश्न आहे. चाळणीला मदत करणारी साधनं आहेत. तुम्ही काही नोंदींवर हो-नाही म्हणता, ते त्यावरून शिकतं आणि उरलेल्यांतल्या उपयोगाच्या वाटणाऱ्या नोंदी वर आणून देतं. वेळ वाचतो, यात शंका नाही. पण शिकतं कोणाकडून? तुमच्याकडून. मघाच्या उदाहरणातल्या दोघांचे निकष वेगळे असतील, तर ते त्या गोंधळातूनच शिकेल आणि तोच गोंधळ जलद गतीने पुढे नेईल. आणि परीक्षकाने एखाद्या अभ्यासाचं नाव घेऊन 'हा का नाही?' असं विचारलं, तर 'सॉफ्टवेअरने खाली टाकला होता' हे उत्तर आमच्या त्या 'असंबद्ध'पेक्षा फार बरं नाही. उत्तर आपल्यालाच द्यावं लागणार आहे. तेव्हा चाळणी कोणाच्याही हातात द्या, पण काय गळलं त्याची यादी आपल्याजवळ ठेवा.

पुढच्या वेळी निवडलेल्या अभ्यासांचा दर्जा कसा तपासायचा यावर बोलू. येताना एखादा आढावा सोबत घेऊन या, आपण तो एकत्र उघडून बघू.